22 टक्के बिलो गेलेला रस्ता पहिल्याच पावसात का उखडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या रस्त्याचे काम ई-निविदेतून गेले, अंदाजपत्रकापेक्षा 22 टक्के कमी दराने गेले, सगळे ऑनलाइन झाले आणि काम मिळाले तेही सर्वात कमी दर भरणाऱ्यालाच. तरी पहिल्या पावसात खडी वर आली. आणि तुम्ही पुढे विचारता की समजा पंधरा टक्के लाचेच्या वाटपात गेले, तरी पंच्याऐंशी टक्के रस्ता शिल्लक राहायला हवा होता, तो कुठे गेला?

आधी एक सांगून ठेवतो. मी अभियंता नाही. बांधकाम आणि पाटबंधारे विभागांच्या कार्यालयांत विभागीय लेखा अधिकारी म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. माझ्या टेबलावर रस्ता कधी आला नाही. त्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., आली. निविदा, करारनामा, चालू देयके, जादा बाबींचे प्रस्ताव हे सगळे आले. त्यामुळे माझे उत्तर कागदाच्या बाजूने आहे. डांबराचे तापमान किती हवे ते तुम्हाला एखादा शाखा अभियंता माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

पंधरा टक्के वजा पंच्याऐंशी बाकी, हे गणितच मुळात जुळत नाही. एक कोटीचे अंदाजपत्रक धरा. सरकारी दरसूचीतल्या दरांत कंत्राटदाराचा नफा साधारण दहा टक्के धरलेला असतो, म्हणजे अंदाजपत्रक खरे असेल तर कामाचा निव्वळ खर्च 91 लाखांच्या घरात. निविदा 22 टक्के खाली गेली, हातात येणार 78 लाख. काम सुरू व्हायच्या आधीच 13 लाखांची खोट. आता यातून समजा 12 टक्के वाटायचे, तर सव्वानऊ लाख गेले. ज्याच्या नावावर काम आहे तो बहुतेक वेळा ते करतच नाही; आपले रजिस्ट्रेशन वापरू देण्याचे दोन-तीन टक्के ठेवून काम पोटठेकेदाराला देतो. उरले 66. जो खरोखर रोलर लावून उन्हात उभा आहे त्याला पाच-सहा लाख सुटायला नकोत का? म्हणजे 91 लाखांचे काम 60 लाखांत उरकायचे. पंधरा टक्के म्हणता म्हणता एक तृतीयांश काम गायब झाले. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या रस्त्याचे म्हणून कुठे सांगू नका.)

हे एक तृतीयांश लांबीतून कापता येत नाही, कारण लांबी गावाला दिसते. कापायचे तर जे झाकले जाते त्यातून. खालचा मुरूम, खडीकरणाची जाडी, रोलरच्या फेऱ्या, बीबीएम म्हणजे खडी-डांबराच्या खालच्या थरातले डांबर. वरच्या डांबरी थराचे 20 मिलिमीटरचे कार्पेट 14 चे होते, त्यावरून पाणी अडवायला मारायचा सीलकोट नुसता काळा रंग दिसण्यापुरता. साइडपट्टी आणि मोरीचा पाइप तर पहिल्यांदा गळतात, कारण त्यांच्यावाचून उद्घाटन अडत नाही. मग पाऊस येतो, पाणी बाजूला जायला वाट नाही, ते पातळ थरातून खाली उतरते, भराव भिजतो आणि वरून उसाची एक ट्रॉली गेली की झाले. बाजेचा एक पाय काढला तर पाऊण झोप मिळत नाही, तसेच हे आहे. दहा वर्षे टिकणारा रस्ता एक तृतीयांश कमी केला तर तो सात वर्षे टिकत नाही, एक पावसाळा टिकतो.

आता ‘पण’ कुठे आहे ते सांगतो, कारण नुसत्या 22 टक्क्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. बिलो जाण्याची तीन-चार कारणे असू शकतात. एखाद्याचे यंत्र रिकामे उभे असते, बँकेचा हप्ता थांबत नाही, म्हणून तो ना नफा ना तोटा काम घेतो. कुणाची स्वतःची खडीची खाण आणि क्रशर शेजारीच असते, त्याला खरोखर स्वस्त पडते. किंवा अंदाजपत्रकच फुगवलेले असते. मुरूम तीन किलोमीटरवर मिळतो आणि लीडच्या तक्त्यात, म्हणजे माल किती दुरून आणायचा त्या तक्त्यात, खाण तीस किलोमीटरवर दाखवलेली असते. मग 22 टक्के खाली जाऊनही माणूस मजेत असतो. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते लीडचा तक्ता पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि जो न पाहता सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय काळ्या मातीवरचे रस्ते चांगले केले तरी हलतात, आणि वाळूच्या डंपरपुढे ग्रामीण रस्त्याचे डिझाइन टिकत नाही. तो दोष खरेदी प्रक्रियेचा नाही.

ई-निविदेने काय बदलले हेही न्यायाने सांगायला हवे. पूर्वी निविदा अर्ज विकत घ्यायलाच कार्यालयात यावे लागे, आणि तिथे दारात माणसे उभी असत. अर्ज मिळत नसे, मिळाला तर पेटीपर्यंत पोहोचत नसे. हे बंद झाले, आणि ती छोटी गोष्ट नाही. पण संगनमत दारातून उठून अटींमध्ये जाऊन बसले. हॉटमिक्स प्लँट, म्हणजे डांबर-खडी गरम मिसळण्याचा कारखाना, कामापासून इतक्या किलोमीटरच्या आत हवा आणि त्याचा दाखला अमुक कार्यालयाचा हवा. कामाच्या जागेची पाहणी केल्याचे प्रमाणपत्र जोडा. हे दुसरे प्रमाणपत्र तर फार बोलके आहे: ते देणाऱ्या कार्यालयाला निविदा उघडण्याआधीच कळते की भरणारे कोण कोण आहेत. त्यांना फोन जायला वेळ लागत नाही. नको असलेला माणूस तरीही आला, तर तांत्रिक लिफाफ्यात एखाद्या कागदावर शिक्का नाही म्हणून तो बाद. पहिल्या वेळी किमान तीन निविदा लागतात, म्हणून दोन ‘सपोर्टिंग’ भरल्या जातात. त्यांचे दर मुद्दाम वर ठेवलेले असतात. हे फक्त खेड्यातल्या रस्त्यांत चालते असे समजू नका. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये कंपन्यांना दंड केला होता.

पण तुम्ही निविदेवरच नजर खिळवून बसलात तर मुख्य भाग निसटेल. मी नोकरीत जे पाहिले त्यावरून माझे मत असे आहे की निविदा हा लोकांना दाखवायचा भाग आहे, पैसा कार्यारंभ आदेशानंतर हलतो. निविदेत दर ठरतो, परिमाण, म्हणजे काम किती केले तो आकडा, नंतर बदलते. 78 लाखांत काम घेतलेल्याला ठाऊक असते की ते 78 लाखांत संपवायचे नाही. खोदकामात मऊ मुरूम लिहिला होता, प्रत्यक्षात कठीण खडक ‘लागला’. खडक लागला की नाही हे खड्डा बुजल्यावर कोण पाहणार? मग जादा बाबीचा प्रस्ताव. एखाद्या बाबीचे परिमाण सव्वापट ओलांडले की करारातले कलम 38 लागते आणि वरच्या परिमाणाचा दर नव्याने ठरतो. कलम वाईट नाही, जमिनीखाली काय आहे हे आधी कुणालाच नक्की माहीत नसते. पण ज्याला आधीच माहीत आहे की कुठली बाब वाढणार, तो, प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायचा असेल तर, तिथला दर फुगवून आणि बाकीचे पाडून एकूण बेरीज सर्वात कमी आणतो. उघडताना तो पहिला येतो, अंतिम देयकात सर्वात महाग पडतो. म्हणून निविदा किती खाली गेली हे विचारू नका, काम शेवटी कितीला पडले ते विचारा.

हीच गोष्ट हजारो कोटींत पाहायची असेल तर विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांकडे पाहा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचे भूमिपूजन 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ किंमत 372 कोटी. ती सुधारित होत 7,778 कोटींवर आणि पुढे 18,494 कोटींवर गेली. यातला मोठा भाग सरळ महागाईचा, भूसंपादनाचा आणि पुनर्वसनाचा आहे. पंचवीस-तीस वर्षांत कुठल्याही प्रकल्पाची किंमत वाढेलच, आणि वाढलेला प्रत्येक रुपया खाल्ला असे म्हणणे हा अडाणीपणा आहे. पण 2009 मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर नेण्यात आली, तिथे महागाईचे कारण पुरत नाही. सुधारित प्रशासकीय मान्यतेची, आमच्या भाषेत सुप्रमाची, एक फाइल नीट वाचायला मला आठवडे लागत.

नाशिकच्या ‘मेटा’ या अभियंता प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता असलेल्या विजय पांढरे यांनी 2012 मध्ये सरकारला पत्र लिहिले, त्यावरून राजकारण पेटले, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने 2014 मध्ये अहवाल दिला. मान्यतेविना वाढवलेली कामे आणि धाब्यावर बसवलेले नियम यांवर त्या समितीने बोट ठेवले. कोण दोषी हा न्यायालयांचा विषय, त्यात मी शिरत नाही. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीवरून असे निघाले की दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी खर्चून ओलिताखालचे क्षेत्र 0.1 टक्काच वाढले. श्वेतपत्रिकेने ते 5.17 टक्के असल्याचे सांगितले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना खोटे ठरवले, पण मोजपट्ट्याच वेगळ्या होत्या. ‘निर्माण झालेली सिंचन क्षमता’ कागदावर धरण आणि मुख्य कालवा झाला की मोजता येते. शेतात पाणी पोहोचायला वितरिका आणि चाऱ्या लागतात.

आणि चाऱ्या होत नाहीत. का? धरणाचा बांध म्हणजे प्रचंड मातीकाम आणि काँक्रीट, एक मोठी निविदा, मोठे देयक, सुरुवातीलाच यंत्रसामग्रीसाठी अग्रिम. चारी म्हणजे शंभर शेतकऱ्यांची गुंठा-गुंठा जमीन, शंभर भांडणे आणि किरकोळ रकमा. ज्या व्यवस्थेत माणसाचे उत्पन्न देयकाच्या आकारावर ठरते, ती व्यवस्था आपोआप धरणे सुरू करते आणि चाऱ्या सोडून देते. इथे सिमेंट चोरण्याचीही गरज नसते. बांध उत्तम दर्जाचा असेल आणि तरी शिवार कोरडे राहील. भ्रष्टाचाराचा पायाभूत सुविधांवर परिणाम म्हणतात तो मला सर्वात जास्त इथे दिसतो: काय बांधायचे आणि काय अर्धवट सोडायचे, हे ठरवण्यात. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याच्या अस्तराचा दर्जा वाईट निघाला आणि ते पुन्हा करायची वेळ आली, हे नुकसान फोटोत दिसते. न झालेल्या चारीचा फोटो निघत नाही.

रस्त्यांतही असेच. तरतूद शंभर कोटींची आणि मंजूर कामे चारशे कोटींची, प्रत्येक कामाला चिमूटभर निधी. सगळीकडे नारळ फुटतो, कुठलेच काम वेळेत संपत नाही. मग देयके थकतात. 2025 मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या, थकबाकी सुमारे 89 हजार कोटींची असल्याचा त्यांचा दावा होता. बाहेरच्या माणसाला वाटते, बरे झाले, ठेकेदाराचे थकले. पण थकबाकी हीच टक्केवारीची सर्वात मोठी बाजारपेठ आहे. निधी दहा टक्के आला आणि घेणेकरी शंभर, तर कुणाचे देयक आधी काढायचे? जो सरळ माणूस फक्त काम चांगले करून रांगेत थांबतो, तो व्याजाखाली मरतो आणि पुढच्या वर्षी निविदा भरत नाही. चांगली, मनुष्यबळ आणि यंत्रे असलेली फर्म जिल्ह्यातून एकदा निघून गेली की परत येत नाही. मागे उरतात ते ज्यांना काम करण्यापेक्षा देयक काढणे जास्त चांगले जमते. चौकशी कुणाचीही लावा, ही गळती भरून निघत नाही.

मार्चअखेरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण लेखा शाखेतला माणूस यावर गप्प बसू शकत नाही. निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि 31 मार्चला परत जातो. काम तर झालेले नाही. मग ‘निधी व्यपगत होऊ नये म्हणून’ एम.बी.त मोजमापे आधी लिहिली जातात, देयक निघते आणि काम एप्रिल-मेमध्ये ‘करून घेऊ’ असे ठरते. यात कधी कधी कुणीही पैसे खात नाही, गावाचे काम व्हावे अशीच इच्छा असते. मी अशा सद्हेतूने भरलेल्या एम.बी. पाहिल्या आहेत. पण पैसे दिल्यावर कंत्राटदारावरचा धाक संपतो. त्याने 14 मिलिमीटर टाकले तरी 20 मिलिमीटरचे मोजमाप सहीनिशी आधीच तयार आहे, आणि सही करणारा आता त्याच्याच बाजूला उभा राहणार, कारण खोटे उघड झाले तर पहिला तोच जाणार. सद्हेतूने केलेल्या त्या एका नोंदीने पुढची दहा वर्षे दोघांचे तोंड बंद होते.

त्रयस्थ तपासणी आहे ना, असे तुम्ही म्हणाल. आहे. मुंबईत 2016 मध्ये 34 रस्त्यांच्या चौकशीत जे बाहेर आले त्यात सुरुवातीच्या अटका त्रयस्थ लेखापरीक्षकांच्या माणसांच्याच होत्या. तपासणाऱ्याची फी ज्याच्या खिशातून जाते आणि पुढचे काम ज्याच्या मर्जीवर असते, त्याच्याविरुद्ध तो कितपत लिहील? प्रयोगशाळेत पोहोचलेला काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, उत्तीर्ण होतोच. तो तुमच्याच पुलाच्या काँक्रीटचा आहे का, हे प्रयोगशाळा सांगत नाही. तरी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा अनुभव थोडा वेगळा आहे असे मी म्हणेन. तिथे राज्याबाहेरून आलेला राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक असतो, परिमाणांचा मराठी फलक रस्त्यावर लावतात आणि पाच वर्षांची देखभाल करारातच असते. पाच वर्षे आपल्यालाच खड्डे भरायचे आहेत म्हटल्यावर हात जरा मोकळा सुटतो. निर्दोष नाही, पण तुलनेने बरे.

प्रत्येक रखडलेल्या कामामागे भ्रष्टाचारच असतो असेही नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून जास्त रेंगाळले, त्यात भूसंपादन, वनखात्याच्या परवानग्या आणि कंत्राटदारांची बिघडलेली आर्थिक स्थिती यांचा वाटा मोठा आहे. पण तिथेही एक प्रश्न खरेदी प्रक्रियेचाच उरतो: ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला काम मिळाले कसे?

आता तुम्ही काय करायचे. तक्रार करण्याआधी कागद मागा. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, हे फार कमी लोक वापरतात. अर्जाची फी 10 रुपये. ‘रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्या’ असे लिहिलेत तर तीनशे पानांचा गठ्ठा येईल आणि त्यात हवा तो कागद नसेल. नेमके मागा: लीडच्या तक्त्यासह मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एम.बी.ची प्रत, जादा बाबींची मंजुरी आणि दोष दायित्व कालावधी ज्या पानावर आहे ते करारनाम्याचे पान. शेवटचे सर्वात आधी वाचा. मुदत शिल्लक असेल तर रस्ता कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे आणि त्याची सुरक्षा ठेव अजून कार्यालयात आहे. या टप्प्यावर एक लेखी पत्र, पोच घेऊन, दहा मोर्चांपेक्षा जास्त काम करते. मुदत संपायला दोन महिने असतील तर बाकी सगळे सोडा आणि हेच करा.

दुसरे म्हणजे साखळी क्रमांक पाहा. कितव्या मीटरपासून कितव्या मीटरपर्यंत काम झाले ते अंदाजपत्रकात असते. तोच तुकडा गेल्या पाच वर्षांत जिल्हा परिषदेकडून, सार्वजनिक बांधकामकडून, ग्रामविकास विभागाच्या 2515 या लेखाशीर्षातून किंवा आमदार निधीतून झालेला दाखवला आहे का, हे त्या-त्या कार्यालयाला वेगळे विचारा. एका कार्यालयाला दुसऱ्याचे माहीत नसते, कधी कधी माहीत नसणे सोयीचे असते. एकच खडीकरण दोन लेखाशीर्षांखाली दाखवलेले सापडले तर दर्जावर वाद घालण्याची गरजच उरत नाही.

गावातल्या शाखा अभियंत्याशी मात्र पहिल्याच दिवशी भांडू नका. बहुतेकदा त्याच्याकडे चार जणांचा पदभार असतो आणि त्याला सही करायला वरून सांगितलेले असते. नीट विचारलेत तर कुठला कागद मागायचा हे तोच सुचवेल. पैसे मागितल्याची थेट घटना असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, पण तो रस्त्याच्या दर्जासाठी नाही. दर्जाची तक्रार सार्वजनिक बांधकामच्या दक्षता व गुणनियंत्रण मंडळाकडे करा, आणि तीही एम.बी. हातात आल्यावर.

एम.बी. आली की मोजमापाच्या तारखा बघा. डांबरीकरणाची नोंद मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली असेल तर त्याच कामाची डांबराची मूळ चलने, म्हणजे डांबर आल्याच्या पावत्या, मागा आणि टँकरचा क्रमांक, वजन व तारीख टिपून घ्या. मग आसपासच्या दोन-तीन कामांचीही चलने मागवा. एकच चलन दोन ठिकाणी लावलेले निघाले, किंवा चलनावरची तारीख मोजमापाच्या नंतरची असली, तर तो कागद घेऊन अधीक्षक अभियंत्यांकडे जा.